ट्रोपोनिनचा सेन्सर बफरमध्ये चालतो, सीरममध्ये का कोलमडतो?

ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन; त्यावरून हृदयविकाराचा झटका ओळखतात. प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.टेक.च्या प्रकल्पासाठी छापील कार्बन इलेक्ट्रोडच्या पट्टीवर ग्राफीन ऑक्साइड आणि सोन्याचे नॅनोकण चढवले, त्यावर ट्रोपोनिन-आयची अँटिबॉडी बसवली आणि फेरी-फेरोसायनाइडचा प्रवाह मोजला. बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) १ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत सुरेख सरळ रेषा येते. सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात, मात्र ट्रोपोनिन अजिबात नसतानाही पट्टी सिग्नल देते. मग ग्राफीनऐवजी एमएक्सीन (धातू-कार्बाइडचे पातळ थर) घ्यावं की कार्बन नॅनोट्यूब?

दोन्ही नकोत. अडचण पदार्थात नाही, मोजण्याच्या पद्धतीत आहे. लेबल न लावता थेट पृष्ठभागावरचा बदल मोजायचा हट्ट सोडा आणि दोन अँटिबॉडींच्या सँडविचकडे वळा: एक ट्रोपोनिन पकडते, दुसरी त्यालाच वरून धरून सिग्नल देते. नॅनोकण तिथेही लागतात, फक्त त्यांचं काम वेगळं असतं.

आधी आकडे बघू. पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि नॅनोग्रॅम प्रति लिटर हे एकच एकक आहे. इस्पितळातले रिपोर्ट दुसऱ्या रूपात येतात, म्हणून पुढे तेच वापरतो. निरोगी लोकांपैकी ९९ टक्के ज्याच्या खाली असतात ती मर्यादा ॲबटच्या आर्किटेक्ट हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन-आय चाचणीत स्त्रियांसाठी सुमारे १६ आणि पुरुषांसाठी सुमारे ३४ आहे. रोशच्या ट्रोपोनिन-टी चाचणीत ती १४. एका कंपनीचा आकडा दुसरीच्या किटला लावायचा नसतो, पण तुम्हाला कुठे काम करायचंय याचा अंदाज येतो. समजा नमुन्यात २० नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे. ट्रोपोनिन-आय साधारण २४ किलोडाल्टनचं प्रथिन आहे, म्हणजे १० मायक्रोलिटरच्या थेंबात त्याचे जेमतेम ५० लाख रेणू असतील. ४ मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर अँटिबॉडीचा दाट थर बसला तर त्यात साडेबारा हजार कोटींच्या आसपास रेणू मावतात. त्यातल्या दहांपैकी एकच नीट तोंड वर करून बसली आणि थेंबातलं सगळं ट्रोपोनिन पकडलं गेलं असं धरलं, तरी अडीच हजार जागांमागे एक जागा भरते. हा ०.०४ टक्क्याचा बदल आहे. छापील पट्ट्यांमध्ये पट्टी-पट्टीतला फरकच ५ ते १० टक्के असतो. वर त्याच सीरममध्ये प्रति लिटर ७० ग्रॅमच्या आसपास इतर प्रथिनं आहेत, म्हणजे वजनात ट्रोपोनिनच्या साडेतीनशे कोटी पट. ती सगळी ग्राफीनला चिकटायला तयारच असतात.

मग बफरमध्ये सरळ रेषा येते कशी? एकाच इलेक्ट्रोडवर कमी सांद्रतेपासून जास्तीकडे चढत गेल्यामुळे. दर वेळी पट्टी अर्धा तास भिजते, धुतली जाते, पुन्हा फेरोसायनाइडखाली जाते. फेरी-फेरोसायनाइडच्या द्रावणातून थोडं सायनाइड सुटतं आणि ते सोनं हळूहळू खातं. प्रकाशात हे वाढतं. पृष्ठभाग बदलत जातो आणि तो बदल लॉग मापावर ओळीने मांडला की रेषा दिसते. तपासणी सोपी आहे: तीच मालिका, तितकेच टप्पे, तितकाच वेळ, पण प्रत्येक नळीत नुसता बफर. तरीही रेषा आली तर तुम्ही ट्रोपोनिन मोजत नव्हता. दुसरी कसोटी म्हणजे प्रत्येक सांद्रतेला नवी पट्टी घ्यायची आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. या दोन कसोट्यांतून न गेलेल्या फेम्टोग्रॅमच्या दाव्यांकडे मी फारसं लक्ष देत नाही. १ फेम्टोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे त्याच थेंबात २५० रेणू.

ग्राफीन किंवा सिलिकॉन नॅनोवायरचा ट्रान्झिस्टर करावा का, असाही विचार डोक्यात येईल. रक्तातल्या क्षारांमुळे विद्युतप्रभार पृष्ठभागापासून ०.७ ते ०.८ नॅनोमीटरवरच झाकला जातो आणि अँटिबॉडी स्वतःच १० नॅनोमीटरच्या पुढे असते. नमुना शंभर पट पातळ केला की झाकणं कमी होतं, पण ट्रोपोनिनही शंभर पट कमी होतं. छोटे ॲप्टामर (प्रथिनाला धरणारे डीएनएचे तुकडे) वापरून वाट निघते, पण ते एका सत्राचं काम नाही.

आता सँडविच. पकडणारी अँटिबॉडी चुंबकीय कणांवर, ओळखणारी अँटिबॉडी एचआरपी या एन्झाइमने लादलेल्या सोन्याच्या नॅनोकणांवर, आणि इलेक्ट्रोड शेवटी फक्त एन्झाइमचं उत्पादन मोजायला. इलेक्ट्रोडला अँटिबॉडी लावायचीच नाही. त्यामुळे पट्टीवरचा निम्मा त्रास तिथेच संपतो.

चुंबकीय कण १ मायक्रॉनचे, कार्बोक्सिल गट असलेले घ्या. त्यांच्या आत आयर्न ऑक्साइडचे नॅनोस्फटिक असतात, म्हणून चुंबक काढला की ते पुन्हा सुटे होतात. ५० नॅनोमीटरचे सुटे कण कागदावर आकर्षक दिसतात, पण साध्या निओडिमियम चुंबकाने ते गोळा व्हायला फार वेळ लागतो आणि धुताना वाहून जातात. १ मायक्रॉनचे २० मायक्रोग्रॅम कण म्हणजे साधारण दोन कोटी. १०० मायक्रोलिटर द्रवात ते पसरले की दोन कणांमधलं अंतर १५-२० मायक्रॉन राहतं. सपाट पट्टीवर १० मायक्रोलिटरच्या थेंबाची उंची ०.८ मिलिमीटर असते आणि वरच्या टोकाचा ट्रोपोनिनचा रेणू केवळ विसरणाने खाली यायला पाऊण तासाहून जास्त लागतो. कणांपर्यंतचं अंतर तो सेकंदाभरात कापतो. हृदयविकाराच्या चाचणीत वेळ हाच मुद्दा असताना सूक्ष्म कणांचा खरा फायदा हा आहे.

जोडणी अशी करा. १ मिलिग्रॅम कण २५ मिलिमोलर एमईएस बफरमध्ये, पीएच ६ ला, दोनदा धुवा. त्याच बफरमध्ये ताजं विरघळवलेलं इडीसी आणि एनएचएस (अँटिबॉडी कणांना जोडणारी रसायनं), प्रत्येकी ५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, ५०-५० मायक्रोलिटर घालून अर्धा तास फिरवा. झटपट धुवा, २० मायक्रोग्रॅम अँटिबॉडी घाला, दोन तास खोलीच्या तापमानाला फिरवत ठेवा. उरलेल्या जागा ५० मिलिमोलर इथेनॉलअमीनने पंधरा-वीस मिनिटांत बंद करा. साठवण पीबीएसमध्ये (फॉस्फेटचा खारा बफर), ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) आणि ०.०५ टक्के ट्वीन-२० (सौम्य साबण) घालून, ४ अंशांना, गोठवायचे नाहीत.

इथे फसतं ते बहुतेक वेळा तीन कारणांनी. पहिलं, इडीसीची बाटली उणे २० अंशांतून काढून लगेच उघडली. बाहेरचा ओलावा आत बसतो आणि पावडर मरते. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत तर महिनाभरातच. बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. दुसरं, ट्रिसचा बफर. त्यातले अमीन गट अँटिबॉडीच्या आधी सगळ्या जागा अडवतात. तिसरं सगळ्यात चुकवणारं: विकत घेतलेली अँटिबॉडी बीएसए घातलेली असते. मग कणांवर अँटिबॉडीऐवजी बीएसएच चढतं, जोडणी यशस्वी झाल्यासारखी दिसते आणि सिग्नल काही येत नाही. बाटलीवरची घटकयादी वाचा आणि वाहक प्रथिन नसलेली मागवा. सोडियम अझाइड असेल तर गाळणस्तंभातून किंवा डायलिसिसने काढा, कारण ते पुढे एचआरपी एन्झाइमला मारतं.

अँटिबॉडीची जोडी निवडताना प्रथिनाचा मधला भाग, साधारण ३० ते ११० क्रमांकांचे अमिनो आम्ल, धरा. रक्तात ट्रोपोनिन-आय बहुतांशी ट्रोपोनिन-सीला चिकटून असतं आणि हा भाग त्याने झाकलेला असल्याने तुटत नाही. दोन्ही टोकं लवकर कापली जातात. १९सी७ आणि ५६० या अँटिबॉडी-क्लोनची जोडी याच पट्ट्यात बसते.

आता सोनं. ५० मिलिलिटर ०.०१ टक्का गोल्ड क्लोराइड उकळत ठेवून जोरात ढवळताना १ टक्का ट्रायसोडियम सायट्रेट अर्धा मिलिलिटर एकदम ओतलं की ४० नॅनोमीटरच्या आसपासचे कण मिळतात. तेच १ मिलिलिटर घातलं तर १६ नॅनोमीटरचे. फ्रेन्सने १९७३ साली दिलेलं हे कोष्टक अजून तंतोतंत उपयोगी आहे. आपल्याला ४० चे हवेत. एका कणावर ५० ते १०० प्रथिनरेणू मावतात, म्हणजे पकडलेल्या एका ट्रोपोनिनमागे एक नाही, डझनावारी एन्झाइम काम करतात. काचसामान आधी ॲक्वा रेजियाने (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या मिश्रणाने) धुवा. ते मिश्रण झाकणबंद बाटलीत कधी ठेवू नका आणि ॲसिटोनच्या जवळ नेऊ नका. गोल्ड क्लोराइड स्टीलच्या चमच्याने काढायचं नाही. रंग फिकट पिवळ्यावरून काळपट, मग वाइनसारखा लाल होतो. शोषणाचं शिखर ५२५ ते ५३० नॅनोमीटरला, अरुंद असावं. ६०० च्या पुढे शेपूट दिसली तर घाण होती, टाकून द्या.

अँटिबॉडी चढवण्यापूर्वी पीएच ०.१ मोलर पोटॅशियम कार्बोनेटने ८.५ च्या आसपास आणा. मीटरचा काचेचा इलेक्ट्रोड यात बुडवू नका, सोनं त्याला चिकटतं. पीएचचा कागद पुरे. मग मिठाची चाचणी करा: ओळीने दहा नळ्यांत प्रत्येकी अर्धा मिलिलिटर सोनं, त्यात ० पासून १० मायक्रोग्रॅमपर्यंत अँटिबॉडी, दहा मिनिटं थांबून प्रत्येकीत ५० मायक्रोलिटर १० टक्के मीठपाणी. अँटिबॉडी कमी पडली तिथे लाल रंग जांभळा-निळा होतो. जी पहिली नळी लाल राहते तिथे सगळा पृष्ठभाग प्रथिनाने झाकलेला असतो. आपल्याला एचआरपीसाठीही जागा हवी, म्हणून अँटिबॉडी त्या मात्रेच्या तिसऱ्या हिश्शाएवढी घाला, वीस मिनिटांनी एचआरपी मुबलक घाला, आणि शेवटी १ टक्का होईल एवढं बीएसए. सेंट्रिफ्यूज ३,००० ते ४,००० जी, २० मिनिटं. वेग वाढवला की तळाशी काळी, कडक गोळी बसते आणि ती परत सुटत नाही. गोळी मऊ आणि लालच हवी. २ मिलिमोलर बोरेट, पीएच ८.५, १ टक्का बीएसए यात पुन्हा पसरवा.

चाचणीत ५० मायक्रोलिटर प्लाझ्मा (न गोठू दिलेल्या रक्तातून पेशी काढून उरलेला द्रव), ५० मायक्रोलिटर पातळ करणारा बफर आणि २० मायक्रोग्रॅम कण. १५ मिनिटं हलवत ठेवा. या बफरात १ टक्का बीएसए, ०.०५ टक्के ट्वीन-२० आणि १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर उंदराचं साधं आयजीजी (म्हणजे सामान्य अँटिबॉडी) हवंच. काही माणसांच्या रक्तात उंदराच्या अँटिबॉडीविरुद्धच्या अँटिबॉडी असतात; त्या दोन्ही बाजूंना धरून ट्रोपोनिनशिवायच सँडविच जुळवतात. हे आयजीजी त्यांना आधीच गुंतवतं. दोनदा धुवा, सोन्याचे कण घालून १० मिनिटं, आणि मग तीनदा धुवा. तिसऱ्या धुण्याआधी नळी बदला. नळीच्या भिंतीला चिकटलेलं सोनं हा ब्लँक, म्हणजे ट्रोपोनिन नसतानाचा सिग्नल, वर जाण्याचा मोठा स्रोत आहे आणि नुसती नळी बदलली की तो बराच खाली येतो.

शेवटी कण ५० मायक्रोलिटर टीएमबी (एचआरपी ज्याला ऑक्सिडाइज करून निळं करतं ते रसायन) आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणात घेऊन पट्टीवर टाका, पट्टीखाली चुंबक, दोन मिनिटं थांबा आणि ऑक्सिडाइज झालेल्या टीएमबीचा रिडक्शन प्रवाह मोजा. व्होल्टेज ० च्या आसपास असतं, पण छापील चांदीचा संदर्भ-इलेक्ट्रोड क्लोराइडच्या प्रमाणानुसार सरकतो. म्हणून तुमच्याच द्रावणात, तुमच्याच पट्टीवर आधी सायक्लिक व्होल्टॅमेट्री (व्होल्टेज चढवत-उतरवत प्रवाहाचा आलेख) काढून व्होल्टेज ठरवा. पेपरातला आकडा उचलू नका. टीएमबी जास्त ऑक्सिडाइज झालं की पट्टीवर निळा साका बसतो आणि प्रवाह घसरतो. वेळ दोन मिनिटांवरून वाढवण्याचा मोह टाळा.

नमुन्याबद्दल काटेकोर राहा. हेपॅरिनची हिरव्या टोपणाची ट्यूब की ईडीटीएची जांभळी, एक ठरवा आणि बदलू नका. ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं, त्याने ट्रोपोनिनची आय-सी जोडी सैल होते आणि अँटिबॉडीचं बसणं बदलतं. हेपॅरिन ट्रोपोनिनला स्वतःच थोडं धरतं. सीरम वापरत असाल तर रक्त पूर्ण गोठू द्या, नाहीतर फायब्रिनचे धागे कणांना गुंडाळतात आणि खोटा मोठा आकडा येतो. हिमोलाइज झालेला लालसर नमुना बाजूला काढा: हिमोग्लोबिन पेरॉक्साइडशी एचआरपीसारखंच वागतं. अशा नमुन्याचा एक भाग सोन्याचे कण न घालता चालवून बघा, म्हणजे धुण्यानंतर किती उरतं ते कळेल.

मानक द्रावणासाठी एकट्या रिकॉम्बिनंट ट्रोपोनिन-आयऐवजी ट्रोपोनिन आय, टी आणि सी या तिघांचं संयुक्त घ्या. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेचं २९२१ हे संदर्भद्रव्य असंच आहे. एकटं ट्रोपोनिन-आय पीएच ७.४ ला जोरदार धनप्रभारी असतं आणि प्लास्टिकला चिकटतं; बफरमध्ये १० नॅनोग्रॅम प्रति लिटर बनवलं तर नळीत त्यातलं किती शिल्लक आहे हे सांगता येत नाही. कमी चिकटणाऱ्या नळ्या वापरा, पातळ करताना ट्रोपोनिन काढलेलं सीरम वापरा, आणि लहान भाग करून गोठवा म्हणजे एकच भाग पुन्हा पुन्हा वितळवावा लागणार नाही.

मानकं ०, ५, १०, २०, ५०, १००, ५०० आणि १,००० अशी ठेवा, वक्र चार-प्राचलांचा (एस आकाराचा) बसवा. ब्लँक किमान वीस वेळा, वेगवेगळ्या दिवशी. ब्लँकची सरासरी अधिक १.६४५ गुणिले त्याचं प्रमाण विचलन ही ब्लँकची मर्यादा; त्यात कमी सांद्रतेच्या नमुन्याच्या विचलनाचे १.६४५ पट मिळवले की शोधमर्यादा. तीन सिग्मा भागिले उतार हे सूत्र लॉग मापावरच्या रेषेला लावता येत नाही, तरी ते सर्रास लावलेलं दिसतं. वरच्या टोकाला ५०,००० चा एक नमुना नक्की चालवा. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात आकडे तिथे जातात, आणि धुण्यात कसर राहिली किंवा पायऱ्या एकत्र केल्या तर सिग्नल उलट खाली येतो.

हाय-सेन्सिटिव्हिटी म्हणवून घ्यायचं तर ९९ टक्क्यांच्या मर्यादेवर विचलन १० टक्क्यांच्या आत हवं आणि निरोगी लोकांपैकी निम्म्यांहून जास्त जणांत मोजता येण्यासारखा आकडा यायला हवा. हे १० टक्के कसे जाचतात ते बघा. युरोपियन कार्डिओलॉजी संघटनेच्या शून्य-आणि-एक-तास पद्धतीत आर्किटेक्ट ट्रोपोनिन-आयसाठी तासाभरात ६ किंवा अधिकची वाढ झटक्याकडे बोट दाखवते. पहिला आकडा ५ च्या खाली आणि वाढ २ च्या खाली असेल तर झटका नाही असं धरतात. २० वर १० टक्के म्हणजे विचलन २; दोन मोजण्यांच्या फरकाचं विचलन २.८, ९५ टक्के खात्रीने ओळखता येणारा फरक साडेपाच. म्हणजे ६ ची वाढ कशीबशी कळेल. म्हणून शोधमर्यादा आणखी खाली नेण्यात वेळ घालवण्यापेक्षा ५ ते ३० या पट्ट्यातलं विचलन कमी करा. लवकर निदान त्या पट्ट्यातच होतं. मायोग्लोबिन किंवा एच-एफएबीपी ही स्नायूतली दुसरी प्रथिनं रक्तात लवकर येतात हे खरं, पण मायोग्लोबिन तर नुसत्या स्नायूच्या दुखापतीनेही वाढतं. दुसरी वाहिनी जोडायचीच तर ट्रोपोनिन पक्कं झाल्यावर.

बाजारात मिळणारी सोन्याच्या नॅनोकणांची झटपट कार्डं बऱ्याचदा ०.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरवर रेघ दाखवतात. ते ५०० नॅनोग्रॅम प्रति लिटर झालं, म्हणजे पुरुषांच्या ३४ च्या मर्यादेच्या जवळपास पंधरा पट. दुखणं सुरू होऊन दोन तास झालेल्या माणसात असं कार्ड कोरं आलं तर त्यातून काही सिद्ध होत नाही. ईसीजीत एसटी हा भाग वर चढलेला असेल तर कुठल्याच ट्रोपोनिनची वाट बघायची नसते. सेन्सरची गरज आहे ती ईसीजी संदिग्ध असलेल्यांसाठी. तुमच्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत हे वाक्य असू द्या. सिमेन्सचं अटेलिका व्हीटीएलआय हे यंत्र बोटाच्या टोकाच्या रक्तावर आठ मिनिटांत ट्रोपोनिन-आय देतं, आणि त्यातही चुंबकीय कणच आहेत: पकडायला, आणि सुटे राहिलेले चुंबकाने बाजूला ओढून धुण्याची पायरी वाचवायला.

रुग्णांचे नमुने घेण्याआधी संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी लागते आणि तिला काही महिने जातात, म्हणून अर्ज आजच टाका. दरम्यान निरोगी सीरममध्ये ठरावीक ट्रोपोनिन मिसळून परतावा, म्हणजे मिसळलेल्यापैकी किती परत मोजलं जातं ते, तपासा. ८० ते १२० टक्क्यांत आला नाही तर पुढे जाऊ नका. परवानगी मिळाल्यावर इस्पितळाच्या प्रयोगशाळेत हाय-सेन्सिटिव्हिटी चाचणी होऊन उरलेला प्लाझ्मा मागा, किमान ४० नमुने, त्यातले निम्मे तरी ५० च्या खालचे. सगळे नमुने १,००० च्या वरचे असतील तर सहसंबंध गुणांक ०.९९ येईल आणि त्याचा काही उपयोग नसेल. त्यात किडनीच्या आजाराचे चार-पाच रुग्णही असू द्या: त्यांचं ट्रोपोनिन कायमच वर असतं, आणि एक तासाने घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यात तुमचा सेन्सर नसलेली वाढ दाखवतो का, हे तिथेच कळेल.